घर मी त्यालाच विकलं

घर विकायला काढलं तेव्हा मला एक नवा शब्द शिकायला मिळाला. म्हापशाहून आलेल्या एजंटाने अंगणात उभं राहून फोटो काढले. नदीचे काढले, विहिरीचे काढले, छपरावर मुलाने बसवून दिलेल्या एकुलत्या एका सोलर पॅनलचेही काढले आणि खूश होऊन म्हणाला, "मावशी, ही तर ऑफ-ग्रिड प्रॉपर्टी! पाण्याला लागून, आणि वर ऑफ-ग्रिड. मोठमोठे लोक हेच शोधत फिरतात." मी विचारलं, म्हणजे काय रे बाबा? तो म्हणाला, सरकारी वीज नाही, नळ नाही, दारापर्यंत रस्ता नाही. एवढी वर्षं मी समजत होते की आमच्या घरी वीज आलेली नाही. आम्ही ऑफ-ग्रिड होतो हे मला घर विकताना कळलं.

हसूही आलं आणि संतापही आला. आम्ही काही हौसेने कंदिलात राहिलो नव्हतो. वीज वर डोंगरावर होती, रस्त्याच्या कडेला. संध्याकाळी आमच्या अंगणातून तिथले दिवे दिसायचे. मधली सगळी उतरण माझ्या चुलत दिराची. खांब त्याच्या काजूंमधून खाली यायला हवे होते, आणि त्यासाठी त्याची एक सही हवी होती. ती त्याने कधी दिली नाही. नाहीही म्हणाला नाही. माझे यजमान कागद घेऊन गेले की त्यांना बाल्कांवावर, घरापुढच्या सोप्यावर, बसवायचा, चहा पाजायचा आणि म्हणायचा, "बघूया रे, सही खंय पळून वता?" नाही म्हणणाऱ्याशी माणूस भांडू तरी शकतो. ह्याच्याशी कसं भांडणार? यजमान चहा पिऊन परत यायचे आणि मी कंदिलाची काच पुसायला घ्यायचे.

आमची जागा पेडण्याच्या बाजूची, पार्से गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. आजेसासऱ्यांच्या भाटाची, म्हणजे बागायतीची, वाटणी झाली तेव्हा दिराच्या घराला डोंगर आणि रस्ता गेला, आम्हाला खालची पट्टी आली. माड, विहीर, जुनं घर आणि पुढे खारं पाणी. तेव्हा नदीकाठच्या जमिनीला कोणी विचारत नव्हतं. सगळी भावकी माझ्या यजमानांना हसली की ह्याच्या वाट्याला खेकडे आले. दीर सगळ्यांत मोठ्याने हसला. पुढे विमानतळ आला, नदीकाठाला भाव आला आणि त्याचं हसू आटलं. त्याच्याकडे रस्ता होता पण पाणी नव्हतं. आमच्याकडे पाणी होतं पण रस्ता नव्हता. त्याला हॉटेल बांधायचं होतं, आणि पाण्याशिवाय त्याच्या डोंगराला कोणी हुंगत नव्हतं.

आमच्या घरातून बाहेर पडायच्या तीन वाटा. एक त्याच्या काजूंमधून वर रस्त्याला जाणारी, वाटणीच्या आधीपासूनची, सगळ्यांची. दुसरी होडीने नदी ओलांडून, पण ती भरतीला. ओहोटीला आमच्यापुढे नुसता चिखल असायचा, होडी त्यात म्हशीसारखी बसून राहायची. तिसरी खाऱ्या पाण्याकाठच्या खाजन शेताच्या बांधावरून, लांबचा फेरा, एका वेळी एकच माणूस मावेल एवढी.

मी नार्व्याची. नदीवरच वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा यजमानांपेक्षा मी होडी बरी चालवायचे आणि ते ह्याचा गावभर डंका पिटायचे. "आमच्या घरात वल्हं बायकोच्या हातात," असं म्हणायचे आणि स्वतः पुढे बसून विडी ओढायचे. बाजाराला जायचं म्हटलं की आधी पाणी बघायचं. पाव आणायलाही डोंगर चढावा लागायचा, कारण पोदेर सायकलवरून रस्त्यापर्यंतच यायचा. मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं, चहाला खारट चव यायची. ओहोटीला चिखलात उतरून मी पातेलंभर तिसऱ्या शिंपल्या काढायचे आणि उन्हं उतरली की दोघं पायरीवर बसून त्या साफ करायचो. मी तिथे सुखात होते, हे सांगितलंच पाहिजे. नाहीतर पुढचं सगळं ऐकून कोणाला वाटेल की मी त्या जागेवर वैतागलेली बाई होते. मला जागा प्यारी होती, वैताग फक्त वरच्या माणसाचा होता.

मग त्याने वाटेवर फाटक लावलं. काजूचे बोंडू लोक चोरतात म्हणाला. चोरत असतीलही. हंगामात फाटकाला कुलूप असायचं. "चावी मागा, केन्नाय दितां," असं म्हणाला. मागितली की द्यायचा, पण हातातला चहा संपवून, पेपराचं पान उलटून, बायकोला हाक मारून, चावी कुठे ठेवली ते आठवून. आणि आपण उन्हात उभे. दुसरी चावी करून द्या म्हटलं, तर तिथेही बघूया.

माझे यजमान गेले त्या दिवशी हंगाम भरात होता. दुपारी जेवून उठले, हात धुवायला विहिरीकडे गेले आणि तिथेच कठड्याला धरून खाली बसले. घाम फुटलेला, हात छातीवर. समोर ओहोटी होती, होडी चिखलात. माडावर चुडतं काढायला आलेले तीन गडी होते म्हणून बरं. त्यांनी यजमानांना कदेलीवर बसवलं, दोघांनी खुर्ची उचलली आणि आम्ही काजूंच्या वाटेने निघालो. मी पुढे धावत फाटकाशी पोचले. कुलूप होतं. फाटकापासून दिराचं घर हाकेच्या अंतरावर. मी हाका मारल्या. एवढ्या मारल्या की घसा बसला. तो बाल्कांवावर आला, तिथूनच म्हणाला, "चावी म्हापशां गेल्या गो वयनी. बायल घेवन गेल्या."

फाटकाला वरून काटेरी तार होती. कुंपणालाही होती. गड्यांनी कुलपावर दगड घालून बघितला, त्याने कुलपाला चरा पडला आणि बाकी काही झालं नाही. दीर बघत होता. खाली उतरला नाही. शेवटी कदेल वळवली आणि बांधावरून गेलो. बांधावर दोघे जण शेजारी चालू शकत नाहीत, म्हणून एकाने पुढे आणि एकाने मागे धरलं, आणि कदेल तिरपी व्हायची. यजमानांनी माझ्याकडे बघून हात हलवला, जणू सावकाश चाल म्हणत होते. गाडी मिळाली तेव्हा ते होते. दवाखान्यात पोचलो तेव्हा नव्हते. डॉक्टर तरुण होता. थोडं आधी आणायला हवं होतं, म्हणाला. तो बिचारा सगळ्यांनाच हे सांगत असेल.

दुसऱ्या दिवशी लोक यायला लागले तेव्हा फाटक सताड उघडं होतं. दिराने खांदा दिला. भावकीतला माणूस, त्याचा मानच होता तो. बाराव्याला पंगतीत बसून जेवला आणि माझ्या मुलाला पाठीवर हात फिरवून म्हणाला की काय लागलं तर सांग. मी तोंडात मूग धरून बसले. चावी खरंच म्हापशाला गेली असेल तर? कधीकधी जातातही. त्या एका 'असेल'ने मला काही बोलू दिलं नाही. पण जळायचं थांबलं नाही. रोज सकाळी तोंड धुताना पहिला विचार त्या कुलपाचा यायचा.

मुलगा मुरगावला गोदीत नोकरीला. आई, चल माझ्याकडे, म्हणाला. नाही गेले. मी तिथेच राहिले, एकटी, आणि हे मी प्रेमाने केलं असं कोणी समजू नये. मी निघून जायचीच तर तो वाट पाहत होता. मी होडी चालवत राहिले, कंदील लावत राहिले. मुलाने पॅनल बसवून दिलं, तेव्हा एक दिवा आणि मोबाइल एवढं चालायला लागलं. त्या दिव्याचा उजेड वरून दिसत असणार, म्हणून मी तो मुद्दाम बाहेरच्या अंगाला लावला. माणसाने जगण्यासाठी कशाचा आधार धरावा ह्याला काही नियम नाही.

पण गुडघे नियम पाळतात. एका पावसाळ्यानंतर मला होडी किनाऱ्यावर ओढता येईना. शेजारपाजार नाही, बांध दोन ठिकाणी खचलेला. मुलाने शेवटी हात जोडले. मग एजंट आला आणि त्याने ऑफ-ग्रिड म्हणून फोटो टाकले.

बंगळूरहून एक जोडपं आलं. चांगली मुलं होती. त्यांना कंदील आवडला, विहीर आवडली, त्या मुलीने चिखलात पाय बुडवून किंकाळी फोडली आणि मग हसत बसली. त्यांना तिथे राहायचं होतं, भाजी लावायची होती. फाटकाचं मी सांगितलं तर म्हणाली, आम्ही बोटीने येऊ-जाऊ. माझ्या मुलाला ती दोघं पसंत पडली. व्यवहार ठरल्यात जमा होता.

त्याच आठवड्यात दीर आला. यजमानांच्या बाराव्यानंतर प्रथमच तो खाली आमच्या अंगणात आला होता. घराकडे बघितलं नाही, सरळ पाण्याकडे बघत उभा राहिला. "घरची जागा भायल्याक कित्याक, वयनी?" म्हणाला. "आपल्या माणसाक दिया." एजंटाने सांगितलेला आकडा त्याला ठाऊक होता आणि तेवढेच द्यायला तो तयार होता. मी त्याला पाणी दिलं. आणि पाणी देता देता मला सगळं एकदम दिसलं. मी म्हटलं, "देतां. पूण एक अट. जागा रीतीन दिवची. राखणदाराक सांगून, चार लोकांमुखार." तो लगेच हो म्हणाला. म्हणणारच. नवीन स्कूटर घेतली तरी चाकाखाली नारळ ठेवणारा माणूस तो. राखणदाराला विचारल्याशिवाय त्याने त्या जागेत पाऊल टाकलं नसतं.

मुलगा भडकला. "त्यालाच? आई, त्यालाच?" असं फोनवर ओरडला. मी म्हटलं, त्यालाच. त्याने दोन दिवस फोन उचलला नाही. भावकीत लोक म्हणाले की म्हातारी वितळली, शेवटी रक्ताकडेच वळली. बंगळूरच्या मुलीने मला रडका चेहरा पाठवला. तिचं मला वाईट वाटलं, पण तिला जागा देऊन मला काय मिळणार होतं? पैसे. ते तोही देत होता.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक जाग्याला राखणदार असतो. दिसत नाही, पण असतो. आमचा सातविणीच्या झाडाखाली. वर्षातून एकदा त्याला रोट, केळी, विडी ठेवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे मोठ्याने, सगळ्यांसमोर, देवाशी बोलणं. बोलणारा एक एक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणतात. लहानपणापासून ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की वाक्य कानात शिरायच्या आधी तोंडातून 'व्हय' निघून जातं. जागा विकली की जुन्या मालकाने नव्या मालकाला पुढे उभं करून राखणदाराला सांगायचं, की आता हा तुझा माणूस. ते सांगेपर्यंत कागद कितीही झाले तरी जागा त्याची झाली असं गाव मानत नाही.

कागद आधी झाले. मग एका सकाळी भरती बघून सगळे जमले. गाऱ्हाणं घालणारे म्हातारे घाडी आले. भावकीतले आठ-दहा लोक आले. कदेल उचलणाऱ्या गड्यांपैकी दोघांना मी स्वतः बोलावणं धाडलं होतं. दीर पांढरा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून आला. रोट मांडला, विडी ठेवली. घाडींनी सुरुवातीचं सगळं म्हटलं, गावचे देव, शिवेवरचे देव, सगळ्यांची नावं घेतली. मग थांबले आणि म्हणाले, "आतां घरच्यान सांगचें."

दीर पुढे झाला. "बायलांनी घालूंक ना," म्हणाला, "हांव घालतां. घरचोच मां हांव."

घाडींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "घर बायचें, शब्दूय बायचो," म्हणाले आणि मला जागा करून दिली.

मी आयुष्यात कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. पण ऐकलं होतं शेकडो वेळा. मी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"हे जाग्याच्या राखणदारा म्हाराजा, इतकीं वर्सां तूं आमकां सांबाळलें!"

"व्हय म्हाराजा!"

"सरपाक उंबऱ्याभितर येवंक दिलें ना, पाण्याक दारांत येवंक दिलें ना!"

"व्हय म्हाराजा!"

"आयज हांव जागो सोडतां. आयज पसून हो तुजो मनीस!"

"व्हय म्हाराजा!" दिराचा आवाज त्यात स्पष्ट ऐकू येत होता. खूश होता.

"हाणें आमच्या घरांत जसो उजवाड येवंक दिलो, तसोच उजवाड तूं हाका दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" उजेडाचं नाव निघालं तसे गडी थोडे अडखळले. बाकीच्यांचा आवाजही किंचित खाली आला. दीर मात्र डोळे मिटून होता.

"आमचें मनीस मरणाच्या दारांत आसतना हाणें जशी वाट दिली, तशीच वाट हाच्या वेळार तूं हाका दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तो एकटाच म्हणाला. बाकी कोणाच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. त्याचा खणखणीत आवाज पाण्यावरून पलीकडे गेला असेल. मग त्याने डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं, आणि मी काय मागितलं ते त्याच्या डोक्यात उतरलं. चेहऱ्यावरचं गंध तेवढं जागच्या जागी राहिलं.

मी एकही वाईट शब्द बोलले नव्हते. त्याच्या बायकामुलांचं नाव घेतलं नव्हतं, ते मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. त्याने आमचं जे केलं तेच त्याचं व्हावं एवढंच मागितलं होतं. चांगलं केलं असेल तर चांगलं होईल. ह्यात शाप कुठे आला? पण गड्यांपैकी एकाने मान खाली घातली आणि घाडींनी शेवटचं म्हणायचं ते भराभर म्हणून टाकलं. रोटाचा प्रसाद दिराने हातात घेतला, खाल्ला नाही. मी खाल्ला. गूळ जरा जास्त झाला होता. त्या दिवशी होडीतून जाताना मी मागे वळून घर बघितलं नाही, त्याच्याकडे बघितलं. तो झाडाखाली तसाच उभा होता. मला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मी आता डिचोलीला राहते, दोन खोल्यांत, माहेर जवळ पडतं म्हणून. बटण दाबलं की दिवा लागतो. पहिले काही दिवस मी उगाच दाबून बघायचे.

तिकडच्या बातम्या येत राहिल्या. त्याने वरून खाली रस्ता करायला जेसीबी आणला, तो उतरणीवर रुतून बसला. चिखलात जेसीबी रुततोच, त्यात नवल नाही. गावातला एकही गडी कामाला येईना. त्याने बेळगावकडचे मजूर आणले, त्यांना कोणीतरी गाऱ्हाण्याची गोष्ट सांगितली आणि ते आठवडा संपायच्या आत पगार घेऊन गेले. हॉटेलात भागीदार होणारा म्हापशाचा माणूस हळूच बाजूला झाला. राखणदार आहे की नाही ते मला खरंच ठाऊक नाही. दिराला ठाऊक होतं, तेवढं मला पुरे होतं. त्याने फाटक काढून टाकलं म्हणे. खांब आणि दोन्ही झडपा. मी ऐकून म्हटलं, आता काय उपयोग, वैद्य आला पण रोगी गेला.

मग त्याच्या छातीत दुखलं. त्याच्या घरासमोर रस्ता, गाडी दारात, सगळं वेळेवर झालं आणि तो वाचला. पण दवाखान्यात पडल्या पडल्या तो माझंच नाव घेत होता, असं त्याच्या बायकोने सांगितलं. बरा झाल्यावर माझ्या दारात येऊन उभा राहिला. अर्धा झाला होता. हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि केळी. मी त्याला बसायला सांगितलं.

"वयनी, शब्द फाटीं घेया," म्हणाला. "माका न्हीद येना."

मी म्हटलं, "हांवें कितें वायट मागलां? तुमी आमकां केलां, तेंच मागलां. तुमी कितें केलां, भावोजी?"

खिडकीबाहेर बस गेली, तो तिच्याकडे बघत राहिला.

"सांगात," मी म्हटलं. "पूण माका न्हय. थंयच, त्याच लोकांमुखार. मगे शब्द फाटीं घेतां."

तो उठून गेला. पिशवी विसरला. मला वाटलं, संपलं. असल्या माणसाचा सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. पण दोन-तीन आठवड्यांनी घाडींचाच निरोप आला. तो तयार आहे, म्हणाले. बाय, तुम्ही या.

मुलाने मला पलीकडच्या काठापर्यंत स्कूटरवरून सोडलं आणि तिथून होडी केली. अंगणात गुडघाभर गवत होतं. कौलं सरकली होती, एका खिडकीचं दार मोडून लोंबत होतं. त्याने त्या घराला हात लावला नव्हता, ना राहायला, ना मोडायला. माझ्या शब्दाला भिऊन त्याने घर असंच टाकलं होतं, म्हणजे ते माझ्याचमुळे पडत होतं. तरी मी सरळ चालत सातविणीखाली गेले. लोक तेच होते. गडीही आले होते.

तो राखणदारासमोर उभा राहिला. हात जोडले. घाडींनी "सांग" म्हटलं.

"त्या दिसा," तो म्हणाला, "चावी म्हज्या बोल्सांत आसली."

त्याचा एक हात आपसूक खिशाकडे गेला.

"म्हापशां वचूंक नासली. बोल्सांतच आसली. वयनी उलो मारताली, तेन्ना हांव तिका हातान चाचपून पळयतालो. माका दिसलें, एक फावट बरीं अडलीं काय तीं जागो विकतलीं. तो मरतलो म्हूण हांवें चिंतूंक ना." मग त्याने तोंड दोन्ही हातांत झाकलं आणि रडायला लागला, मोठ्याने, लहान मुलासारखा.

हे ऐकायला मी कित्येक वर्षं थांबले होते. मला वाटायचं की त्याने एकदा हे तोंडाने म्हटलं की माझ्या छातीवरचा दगड उतरेल आणि मी मोकळी होईन. तसं झालं नाही. उलट जे आजवर थोडं तरी मऊ होतं तेही घट्ट झालं. चावी खरंच म्हापशाला गेली असेल, हे मी कुठेतरी आत धरून ठेवलं होतं. रोज त्याला शिव्या घालताना तेवढा एक कोपरा मी त्याच्यासाठी राखला होता, हे मला त्या क्षणी कळलं. त्याच्या खिशात चावी होती, आम्ही एकदा नीट अडलो की जागा विकू म्हणून. आम्ही फाटकाशी असताना तो ती चाचपत होता. बांधावर कदेल तिरपी होत होती तेव्हाही ती त्याच्या खिशात होती. आता कोपरा उरला नाही.

घाडी माझ्याकडे वळले. सगळे वळले. तो खाली बसला होता, डोळे पुसत, आशेने माझ्याकडे बघत. "बाय," घाडी म्हणाले, "ताणें सांगलें. आतां तुमी सांगा."

"आयकलें हांवें," मी म्हटलं.

सगळे थांबले, पुढचं येईल म्हणून. मी चपला घातल्या. मला त्याची दया आली नाही. यावी म्हणून मी प्रयत्नही केला नाही. मी गवतातून पायरीपर्यंत गेले, होडीवाल्याला हाक मारली.

मागून घाडी म्हणाले, "बाय, आनी शब्द?"

"तो आसूं दी थंयच," मी म्हटलं आणि होडीत बसले.